शिखरावरची संख्या मर्यादित हवी

महोदय,
स्पेनमधील ३७१५ मीटर उंचीच्या तेइदे ज्वालामुखीच्या शिखरावर अखेरचा टप्पा चढण्यासाठी आगाऊ परवाना लागतो आणि रोज मोजक्याच लोकांना तो मिळतो, कारण तेथील ठिसूळ उतार आणि दुर्मीळ वनस्पती पायांच्या वर्दळीने झिजतात.

आपला सातमाळा डोंगरही लाव्हाच्याच थरांचा. तो थंड होऊन कोट्यवधी वर्षे लोटली, एवढाच फरक. १९८६ मध्ये घोषित झालेल्या गौताळा औट्रमघाट अभयारण्यात पाटणादेवीहून कन्हेरगडाकडे पावसाळी रविवारी निघणारी झुंबड पाहता, येथेही वन विभागाने गडासाठी दैनंदिन संख्या ठरवावी. देवीच्या भाविकांना आणि गुराख्यांना मात्र त्यातून वगळावे, आणि परवान्यासाठी तालुक्याला खेटे घालावे लागू नयेत.

– एक वाचक, चाळीसगाव