विडी, मशेरी आणि तुझा चौथा प्रश्न

रत्नागिरी

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

एचआयव्हीच्या पेशंटांची विडी-तंबाखू सोडवण्याच्या तुझ्या अभ्यासाची प्रश्नावली वाचली. चौथा प्रश्न, ‘धूम्रपान करता का? हो/नाही’, आधी खोडून टाक. मिरकरवाडा बंदरातला खलाशी ‘सिगरेट नाय ओढत’ म्हणेल आणि खिशात विडीचं बंडल असेल. बाई तर ‘नाही’च म्हणेल, तिची मशेरीची डबी मोरीत. विडी, सिगरेट, मशेरी, तंबाखू-चुना, गुटखा, एकेकाचं नाव घेऊन विचार आणि गेल्या ७ दिवसांतला आकडा लिही. मग विचार, उठल्यावर पहिली विडी किती मिनिटांत? निकोटिनचं व्यसन किती ते मोजणाऱ्या फागरस्ट्रॉमच्या मोजणीत ५ मिनिटांच्या आत असेल तर ३ गुण, अर्ध्या तासाच्या आत २. दिवसाचा आकडा माणूस कमी करून सांगतो, इथे लपवायचं सहसा सुचत नाही.

श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजतेस ते बरं, पण तो ४ ते ६ तासांत निम्म्यावर येतो. रात्रभर न ओढता सकाळी एआरटी केंद्रावर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, आलेला पेशंट यंत्राला बराच स्वच्छ दिसेल. शेवटची विडी किती वाजता, ते आकड्याशेजारी हवंच. चुलीपुढून उठून आलेल्या बाईचाही आकडा चढतो. मशेरी तर यंत्राला कळतच नाही. त्यासाठी लाळेतलं कोटिनिन, म्हणजे निकोटिनपासून शरीरात बनणारा पदार्थ, तपासावं लागतं, आणि तंबाखू सोडवायला दिलेला निकोटिनचा गम चालू असेल तर तेही फसवतं.

प्रस्तावना अर्धीच आहे. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दबला तरी शरीरात मंद दाह उरतो. धूर त्यावर रक्तवाहिन्यांचं अस्तर दुखावतो आणि प्लेटलेट चिकट करतो, हे यायला हवं. डेन्मार्कचा २०१३ चा अभ्यास घाल: उपचार चालू असलेल्या ३५ वर्षांच्या रुग्णाची धूम्रपानाने सुमारे १२ वर्षं जातात, विषाणूने ५. २०२३ च्या रिप्रिव्ह चाचणीत एचआयव्ही असलेल्या ७,७६९ जणांत पिटाव्हास्टॅटिन ४ मिग्रॅ या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळीने हृदयाच्या मोठ्या घटना ३५ टक्के घटल्या. म्हणून कोण स्टॅटिन घेतंय तेही नोंदव, नाहीतर फरक विडीचा की गोळीचा, कळणार नाही.

गम कसा खायचा हे मात्र तूच करून दाखव. लोक तो सुपारीसारखा चघळत राहतात. निकोटिन पोटात जातं, उचकी आणि जळजळ होते. मग पेशंट दुकानातून अ‍ॅसिडिटीची गोळी आणतो, आणि त्यातलं अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियम डोल्युटेग्राविर हे एआरटीतलं औषध शोषू देत नाही! एआरटीची गोळी अशा अँटासिडच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर. गम चावायचा तो चुणचुण येईपर्यंत, मग गालात दाबून ठेवायचा, चुणचुण गेली की पुन्हा चावायचा. असा अर्धा तास. आधी १५ मिनिटं चहा नको, कोकम सरबतही नको. तोंड आंबट असलं की निकोटिन गालातून शोषलं जात नाही.

डिसेंबर-जानेवारीत नोंदवलेल्यांची सहा महिन्यांची भेट १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत येते. खलाशी गावी जातात, आणि न सापडलेला माणूस नियमाने ‘ओढतोच’ धरावा लागतो. सगळी मेहनत त्यात वाहून जाईल. नोंदणी ऑगस्टमध्ये, नारळी पौर्णिमेच्या सुमारास उरक म्हणजे सहा महिने फेब्रुवारीत भरतील, तेव्हा माणसं बंदरातच असतात.

गावाकडचा फोन नंबर घेताना कोण उचलतं ते विचारून ठेव. दुसऱ्याने उचलला तर ‘सायली बोलतेय, नंतर करते’ एवढंच. केंद्राचं नाव काढायचं नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने ही माहिती त्याच्या संमतीशिवाय घरच्यांनाही देता येत नाही.

तुझी,
आई