यंत्राच्या पाण्याने रक्त बदलत नाही

महोदय,
गेल्या रविवारी आमच्या सोसायटीत 'अल्कलाइन' म्हणजे क्षारीय (आम्लाच्या उलट) पाण्याच्या यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. आम्लता दाखवणाऱ्या रंगद्रावाचे थेंब टाकल्यावर नळाचे पाणी पिवळट, यंत्राचे जांभळे. लगेच विक्रेत्याने ठोकून दिले, 'बघा, तुमचं रक्त ॲसिडिक झालंय!' रक्त कुणी तपासलेच नव्हते.

मी २६ वर्षे अतिदक्षता विभागात परिचारिका होते. मनगटाच्या धमनीतले रक्त सिरिंजमध्ये घेऊन एबीजीसाठी, म्हणजे रक्तातले वायू आणि आम्लता मोजणाऱ्या तपासणीसाठी, पळणे रोजचेच. रक्ताचा पीएच (आम्लतेचे माप; आकडा कमी तितके आम्ल जास्त) ७.३५ ते ७.४५ एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात राहतो. आम्ल वाढले की श्वास वाढतो आणि कार्बन डायऑक्साइड काही मिनिटांत बाहेर पडू लागतो. मूत्रपिंडांचे काम सावकाश, दोन-तीन दिवसांचे. प्यालेले पाणी आधी जठराच्या आम्लात पडते, तिथेच त्याचा क्षारीयपणा संपतो.

खरी ॲसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साचणे, मी पाहिली आहे. इन्सुलिन सोडलेला कॉलेजचा मुलगा, पीएच ६.९८. खोल, भराभर श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास. आई सारखी म्हणत होती, 'दमा नाही हो त्याला.' सलाइन, इन्सुलिन आणि तासातासाला पोटॅशियमवर नजर, तेव्हा कुठे तो सावरला.

मी विक्रेत्याला विचारले, 'शुगरची गोळी?' म्हणाला, 'हळूहळू सुटते.' औषधाने मधुमेह बरा होतो अशा जाहिरातीला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. मग यंत्राने बरा होतो म्हणणाऱ्यांना कोण विचारणार? त्या दिवशी दोन यंत्रे बुक झाली. त्यातले एक इन्सुलिन घेणाऱ्या आजोबांकडे.

– एक निवृत्त परिचारिका, सातारा