लेकीच्या शिंकांचा माग लावून देणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,

लेक शिंकायला लागली की सोसायटीत जो तो औषध सुचवायचा. तुम्ही मात्र विचारलंत, "कधी शिंकते गं? कुठे असताना?" त्या दोन प्रश्नांचे आभार चारचौघांत मानावेसे वाटले, म्हणून हे पत्र.

ताप नाही, नाक पाण्यासारखं वाहतंय, डोळ्यांना खाज, आणि पंधरवडा उलटला तरी थांबत नाही. ही साधी सर्दी नसावी, ॲलर्जी असावी, असं तुम्ही तेव्हाच म्हणालात आणि वही करायला लावलीत. त्या वहीत दिसलं की अंथरुणातून उठता उठता शिंका सुरू होतात आणि शाळेत गेल्यावर थांबतात. तुम्ही थेट गादी-उशीकडे बोट दाखवलंत. डोळ्यांना न दिसणारे डस्ट माइट, म्हणजे धुळीतले बारीक जीव, तिथे आपल्या त्वचेच्या गळलेल्या कणांवर जगतात, आणि पुण्याच्या पावसाळी दमट हवेत त्यांचं फार फावतं. आता चादरी-अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात धुते, गादीलाही घट्ट विणीची खोळ घातली आहे.

दुसरी नोंद वेताळ टेकडीची. पावसाळा सरताना तिथून आलं की तिचे डोळे लाल व्हायचे. वाटेकडेचं पांढऱ्या फुलांचं काँग्रेस गवत तुम्ही ओळखून दाखवलंत, आणि १९५५ च्या सुमारास भारतात ते पहिल्यांदा लक्षात आलं ते पुण्यातच, हेही सांगितलंत.

सासूबाईंशी तुम्ही किती मायेनं बोललात! उदबत्तीचा धूर म्हणजे ॲलर्जी नव्हे, पण आधीच सुजलेल्या नाकाला तो झोंबतो, हे त्यांना तुमच्याकडून पटलं. आता देवापुढे नुसतं निरांजन असतं.

सगळ्यात मोठे आभार मांजरीसाठी. "आधी ती बाहेर काढा," असं सगळे म्हणत होते आणि लेक रडून रडून अर्धी झाली होती. "अंदाजानं मुक्या जिवाला घालवू नका, टेस्ट करा," हे तुमचंच वाक्य. डॉक्टरांच्या सांगण्यावरून काही दिवस आधी ॲलर्जीच्या गोळ्या थांबवल्या, मग हातावर थेंब ठेवून स्किन प्रिक टेस्ट झाली. पंधरा-वीस मिनिटांत डस्ट माइट आणि काँग्रेस गवताच्या जागी गांधी उठल्या. मांजरीच्या जागी काहीच नाही. काकू, त्या क्षणी लेकीचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता.

बाथरूमलगतच्या भिंतीला ओल येतेय, बुरशीच्या नोंदीही सुरू केल्या आहेत. रविवारी वही घेऊन येते.

तुमची,
वरच्या मजल्यावरची सूनबाई