काका, जुलैचं पान अजून भिंतीवर आहे

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, काकूंना चहा टाकायला सांगता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

2025 च्या मे महिन्यात लेकीला इंग्लंडमध्ये लीड्सला एम.एस्सी.साठी प्रवेश मिळाला. आनंद झालाच, पण त्या रात्री आम्हा दोघांचा डोळ्याला डोळा लागला नाही. ह्यांच्या डोक्यात एकच होतं, पीएफ काढायचा आणि मोकळं व्हायचं. दुसऱ्या दिवशी बडोद्याच्या दांडिया बाजारात तुमच्याकडे आलो. तुम्ही फी विचारलीच नाहीत. विचारलंत, "जावईबापू, रिटायर कधी होताय?"

"चार वर्षांनी."

"मग पीएफ या वहीत लिहायचाच नाही," म्हणालात आणि पेन्सिलीने पहिली ओळ ओढलीत. माझ्या छातीवरचं निम्मं ओझं तिथेच उतरलं.

मग म्हणालात, सयाजीराव महाराजांनी 1913 साली बाबासाहेबांना कोलंबियाला पाठवलं, तेव्हा दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी ठरवून दिली होती. आपणही महिन्याचाच हिशोब धरू. लंडनबाहेर राहण्याखाण्यासाठी व्हिसावाले तेव्हा महिन्याला 1,136 पौंड धरत होते, नऊ महिन्यांचे 10,224. पौंड 116 च्या आसपास होता, तुम्ही मुद्दाम 125 ने गुणायला लावलंत. 12 लाख 78 हजार. आकडा मोठाच होता, पण आता तो कागदावर होता.

फी कर्जातून आणि राहण्याखाण्याचं घरातून, ही वाटणी तुमचीच. कर्जातून जाणाऱ्या फीवर 1 एप्रिल 2025 पासून टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच घेते तो कर, लागत नाही, आणि स्वतःच्या पैशांवरही एका माणसामागे आर्थिक वर्षात 10 लाखांपर्यंत लागत नाही, हे आम्हाला कुठे ठाऊक होतं? त्याच्या वरच्या रकमेवर तेव्हा 5 टक्के कापले जायचे, पण ते बुडत नाहीत, रिटर्न भरताना वळते होतात, हेही तुम्हीच समजावलंत. मी तर ती रक्कम गेलीच असं धरून बसले होते. गुडघा दुखत असताना कर्जाचे कागद करायला तुम्ही आमच्याबरोबर दोनदा बँकेत आलात. ते मी विसरणार नाही.

व्हिसासाठी राहण्याखाण्याचे पैसे बँकेच्या खात्यात दाखवायचे होते. त्यातले सहा लाख माझा भाऊ स्वतःच्या खात्यात दाखवायला तयार होता. तुम्ही म्हणालात, मामाचं खातं चालत नाही. मुलीचं नाहीतर आईवडिलांचंच लागतं, आणि आईवडिलांचं असेल तर जन्मदाखला आणि संमतीपत्र जोडायचं. म्हणून ते पैसे आधी माझ्या खात्यात आले आणि मग दिवस मोजायला सुरुवात झाली.

आणि इथेच आमची चूक झाली. पैसे 28 दिवस खात्यात हवेत, एवढंच आम्ही ऐकलं होतं. बाराव्या दिवशी ह्यांनी तिकिटासाठी 80 हजार काढले, चार दिवसांनी परत भरले. आम्हाला वाटलं, शेवटी शिल्लक बरोबर असली म्हणजे झालं. तुम्ही पासबुकावरून बोट फिरवत आणलंत आणि त्या ओळीवर थांबलात. रागावला नाहीत. "28 दिवसांत एक दिवससुद्धा खाली जायला नको. पुन्हा पहिल्यापासून," एवढंच म्हणालात. आमच्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर नवे 28 चौकोन पेन्सिलीने तुम्हीच आखलेत, शेवटच्या दिवसापासून 31 दिवसांच्या आत अर्ज करायचा, तीही तारीख गोल करून ठेवलीत. रोज रात्री भांडी आवरली की मी एक चौकोन खोडायची. तुम्ही जूनमध्येच घाई केली होतीत, म्हणून हे दिवस पुन्हा मोजायला सवड उरली. ऑगस्ट उजाडेपर्यंत आम्ही थांबलो असतो, तर लेकीचं वर्ष गेलं असतं.

व्हिसा आला तेव्हा सगळ्यात आधी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "आता मुलीला वरणभात करायला शिकव." तिला येतो आता. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी तिला पैसे पाठवते आणि तुमच्या वहीत पेन्सिलीने लिहून ठेवते. कर्जाचं व्याज हप्ते सुरू व्हायच्या आधीपासूनच भरतोय, म्हणजे मुद्दलावर चढणार नाही. जुलैचं ते पान मी अजून फाडलेलं नाही.

रविवारी पासबुक घेऊन येते. काकूंना सांगा, चहा मी करेन.

तुमची,
वाड्यातली धाकटी