सजावटीच्या पानावर भिंतीची तयारीही छापा

मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरसजावटीच्या पानावर गडद हिरव्या भिंतीचा मोठा फोटो होता. भिंतीवर लाकडी पट्ट्यांच्या चौकटी, पुढे पिवळ्या उश्यांचा सोफा, आणि वर मथळा की सुटीच्या एका दिवसात तुम्हीही अशी भिंत तयार करू शकता. फोटो खरोखर देखणा होता. खाली साहित्याची यादी होती, रंगाची छटा होती, पट्ट्या किती अंतरावर ठोकायच्या तेही होते. ‘आधी भिंत तपासा’ एवढे एक वाक्य मात्र कुठेच नव्हते. ते पान हातात घेऊन माझ्याकडे आतापर्यंत दोघीजणी येऊन गेल्या, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी एकतीस वर्षे पडदे, सोफ्याची कव्हरे आणि उश्यांचे अभ्रे शिवते. मापे घ्यायला घरोघरी जावे लागते. खिडकीच्या कोपऱ्याला टेप लावला की हात भिंतीला लागतोच, आणि ओल डोळ्यांना दिसण्याआधी तळहाताला कळते. बाकीच्या भिंतीपेक्षा तेवढाच भाग गार लागतो. कधी नखाने सहज खरवडले तर रंगाखालून पिठासारखा पांढरा लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर आलेला क्षार, हाताला येतो. घरमालकीणबाई मला कापडाचे नमुने दाखवायला सांगत असतात आणि मला त्यांना सांगावे लागते, की ताई, पडदे महिनाभर थांबले तरी चालतील, आधी खिडकीच्या बाहेरची बाजू बघून घ्या.

हे मी स्वतः चुकून शिकले आहे. मुलाच्या खोलीत खिडकीखालच्या भिंतीचा रंग सारखा पोपडे धरायचा. असाच एक ‘झटपट’ सल्ला वाचून मी त्यावर प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेला, मागून चिकटणारा वॉलपेपर लावला. एका दुपारचे काम. सांधे इतके छान जुळले होते, की येणारा प्रत्येकजण हात फिरवून बघायचा. आठ महिन्यांनी खोलीला कोंदट वास यायला लागला. मुलाला सकाळी उठल्या उठल्या शिंका. मी गादी उन्हात टाकली, पडदे धुतले, कपाट रिकामे करून पुसले, वास जाईना. शेवटी कागदाचा एक कोपरा सुटलेला दिसला, तो धरून ओढला, तर कागदाबरोबर लांबीचा (रंगाआधी भिंतीला लावतात त्या पुट्टीचा) ओलाकच्च थरच सुटून आला. मागे सगळी भिंत काळ्या-हिरव्या ठिपक्यांनी भरली होती. खिडकीच्या कट्ट्याला बाहेरून केसाएवढी चीर होती, तिथून पाणी आत यायचे. आधी ते निदान भिंतीवरून वाळून तरी जायचे. मी त्याची वाळायची वाटच बंद केली होती.

भिंतीला वाळायला वाट हवी, ही समज जुनीच आहे. चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदी ओल धरते तशी सोडतेही. प्लॅस्टिकचा कागद किंवा जाड चकचकीत रंग ती आत कोंडतो. शिवाय कागदामागे काय चालते हे आपल्याला दिसतही नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपात घरोघरी हिरवे वॉलपेपर होते. शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७५ साली शोधलेल्या हिरव्या रंगात आर्सेनिक होते, आणि असे रंग त्या कागदांवर सर्रास वापरले जात. ओल्या भिंतीवरची बुरशी त्या आर्सेनिकपासून वायू तयार करते, हे इटलीतल्या गोसिओ यांनी १८९०च्या दशकात दाखवून दिले. आजच्या कागदात आर्सेनिक नसते. पण ओल, कागद आणि बुरशी ही सांगड आजही तशीच जमते, आणि दमेकरी माणसाला तेवढीही पुरेशी असते.

तपासणी अगदी सोपी आहे. साधारण फूटभर चौरस पारदर्शक प्लॅस्टिक घ्यायचे, शंका असलेल्या जागी चारही कडांनी चिकटपट्टी लावून हवा जाणार नाही असे बंद करायचे आणि दोन दिवस तसेच ठेवायचे. भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब जमले, तर पाणी भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला जमले, तर खोलीतली हवाच दमट आहे, खिडक्या उघडायला हव्यात आणि कपाट भिंतीपासून तीन-चार बोटे पुढे ओढायला हवे. पहिल्या प्रकारात रंग, कागद, लाकडी पट्ट्या, सगळे थांबवायचे. पाणी कुठून येते ते शोधायचे, ते बंद करायचे आणि भिंत पुरती वाळू द्यायची. ओलीवर मारायचे म्हणून जे रंग मिळतात त्यांनी डाग काही दिवस दिसत नाही, पण पाणी तिथून उठून शेजारच्या हातभर जागेतून बाहेर येते. हे मी इतक्या घरांत बघितले आहे, की आता याबाबतीत कुणाच्या भिडेखातर गप्प बसत नाही.

नव्या गिलाव्याचेही तेच. सिमेंटचा गिलावा वरून कोरडा दिसला तरी आतून ओला असतो आणि त्यात क्षार जोरात असतो. निदान २८ दिवस तरी त्याला द्यावेत, हवा दमट असेल तर आणखी. घाईने रंग दिला तर डाग पडतात, रंग फिका होतो, फुगे येतात. लांबीच्या दोन हातांमध्ये, प्रायमर आणि रंग यांच्यामध्ये डब्यावर लिहिलेला वेळ पाळला, तर एका दिवसात काम उरकणे शक्यच नाही.

आता जुन्या रंगाबद्दल. याबाबत मला कळकळीने सांगायचे आहे. सजावटीच्या लेखांत ‘भिंत घासून गुळगुळीत करा’ असे एका ओळीत लिहिलेले असते. जुन्या घरात दारे, खिडक्या, कधी भिंतींवरही तैलरंगाचे थरावर थर असतात आणि त्यांत शिसे असू शकते. घराच्या आतल्या रंगकामातून शिशाचा सफेता, म्हणजे शिशापासून केलेला पांढरा रंग, हद्दपार करण्याचा आंतरराष्ट्रीय करार १९२१ सालीच झाला होता, तरी अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी यायला १९७८ साल उजाडले आणि काही देशांत तर अजूनही कायदा नाही. असा रंग कोरडाच घासला की त्याची धूळ जमिनीवर, अंथरुणावर, खेळण्यांवर बसते. रांगणारे मूल हात जमिनीवर टेकते आणि तोच तोंडात घालते. मुलांच्या मेंदूला शिशाची कुठलीच मात्रा सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून जुना रंग घट्ट बसलेला असेल तर खरवडूच नका, धुऊन वर नवा द्या. घासावाच लागला तर शक्य तर आधी तपासून घ्या, नाहीतर पाणी मारून ओला घासा, खाली जाड प्लॅस्टिक अंथरा, दार बंद ठेवा, मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवसांत घरात ठेवू नका, तोंडावर धूळ अडवणारा चांगला मास्क बांधा. नंतर केरसुणी फिरवायची नाही, ओल्या फडक्याने पुसून घ्यायचे. पानावर एवढ्या चार ओळींना जागा नसेल, तर फोटो थोडा लहान करावा.

भिंतीवर फळ्या लावायच्या लेखांबद्दलही मला बोलायचे आहे. माझ्या लेकीच्या अभ्यासाच्या टेबलाच्या वर, भिंतीत मी स्वतः ड्रिलने भोके पाडून मीटरभर लांबीची फळी लावली होती. लेखात होते तसेच केले: भोक पाडले, प्लॅस्टिकचा प्लग ठोकला, स्क्रू आवळला. पुस्तके लावली. अकराव्या दिवशी रात्री अडीच वाजता धडाम् आवाज झाला. फळी, पुस्तके, प्लगसकट स्क्रू, सगळे खुर्चीवर पडले होते आणि खुर्चीची पाठ मोडली होती. सकाळी मी भोकात फूटपट्टीचे टोक घालून बघितले. गिलावाच १८ मिलिमीटर जाड होता आणि माझा प्लग ३० मिलिमीटरचा. म्हणजे अर्ध्याहून जास्त प्लग नुसत्या गिलाव्यात अडकला होता, विटेत जेमतेम बोटाचे अर्धे पेर. मीटरभर फळीवर पुस्तके उभी लावली की वजन सहज २५ किलोच्या वर जाते. फळी जितकी भिंतीपासून पुढे येते, तितका ब्रॅकेटचा वरचा स्क्रू बाहेर ओढला जातो. गिलावा ती ओढ सोसत नाही.

तेव्हापासून ड्रिल करताना मी खाली कागदाचे पाकीट चिकटवते आणि त्यात पडणारा भुगा बघते. आधी राखाडी भुकटी पडते, तो गिलावा. मग भुकटी लाल होते आणि ड्रिलला जोर लागतो, ती वीट. तिथून पुढे प्लगची पूर्ण लांबी आत जायला हवी. लाल भुकटी न येता ड्रिल एकदम आत गेले आणि पलीकडे पोकळी लागली, तर ती आतून पोकळ असलेली पातळ भिंत आहे, तिला साधा प्लग चालत नाही, मागे पंख उघडणारा लागतो. लाकूड लागले, काँक्रीट लागले, तर प्रत्येकाचे वेगळे. बटणांच्या पाटीच्या सरळ वर, सरळ खाली आणि सरळ आडव्या रेषेत भोक पाडायचेच नाही, कारण वायर बहुधा तिथूनच गेलेली असते. नळाच्या वरखालीही तेच. आणि उंच कपाट किंवा खणांचे कपाट घेतले, तर ते वरून भिंतीला पट्टीने बांधा. मुले खण उघडून त्यावर पाय देऊन चढतात.

रंग निवडण्याबद्दल मी थोडेच लिहिते, कारण त्यावर लोक भरपूर लिहितात. दुकानातल्या दोन बोटांच्या तुकड्यावरून ठरवू नका. मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात द्या आणि तो पुठ्ठा सकाळी, संध्याकाळी आणि रात्री दिव्याच्या उजेडात वेगवेगळ्या भिंतींना टेकवून बघा. २७०० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली जो करडा उबदार वाटतो, तोच ६५०० केल्विनच्या पांढऱ्या उजेडात निळसर दिसतो. आणि रंग लावण्याआधी दिवा भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरका धरा. सगळे उंचसखल तेव्हाच दिसते. चकचकीत रंग ते नंतर दिवसभर दाखवत राहतो.

पडद्यांचे मात्र थोडे सविस्तर सांगते. खिडकीच्या रुंदीएवढेच कापड आणतात, आणि मग पडदा ताणून बांधलेल्या चादरीसारखा दिसतो. चुण्या भरदार पडायला रॉडच्या लांबीच्या दुप्पट ते अडीचपट कापड लागते. रॉड खिडकीच्या दोन्ही बाजूंना वीतभर बाहेर असावा, म्हणजे पडदा सरकवल्यावर काचेवर येत नाही आणि उजेड पुरा आत येतो. सुती कापड कापण्याआधी धुवायचेच. अडीच मीटरचा पडदा पहिल्या धुण्यात चार बोटे सहज आटतो आणि मग जमिनीपासून वर लोंबतो, त्याला उपाय नाही. दुमड खाली सढळ ठेवा, पुढे उसवून सोडता येते. उन्हाच्या खिडकीला अस्तर लावा, नाहीतर वर्षा-दोन वर्षांत चुणीच्या बाहेरच्या कडेला रंग उडालेल्या उभ्या रेघा दिसू लागतात. नमुना बघताना तो हातात धरून खिडकीसमोर बघा, टेबलावर पसरलेले कापड वेगळे दिसते.

आणि सोफा घेण्याआधी आपल्याच वर्तमानपत्राचे जुने अंक त्याच्या मापात जमिनीवर पसरून, कडा चिकटवून दोन दिवस तसेच राहू द्यावे. माणसे त्यावरून जायला लागली, तर सोफा वाटेत येणार हे नक्की. चालायला निदान ६० ते ७५ सेंटिमीटर जागा सोडावी लागते. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हे करायला सांगते आणि त्यातल्या बऱ्याच जणी मग लहान सोफा घेतात.

संपादक महोदय, माझी मागणी एवढीच आहे, की प्रत्येक सजावटीच्या लेखासोबत तयारीची एक चौकट छापावी: भिंत कशाची आहे, ओल आहे का, जुना रंग कसला आहे, वायर कुठून गेली आहे आणि वाळायला किती दिवस लागतील. ‘एका दिवसात’ हे शब्द मथळ्यातून काढावेत. वाचक आपल्या पानावर विश्वास ठेवून ड्रिल हातात घेतो. दुसरे कुणी त्याच्याजवळ नसते.

माझ्याकडे आलेल्या त्या दोघींच्या घरी मी प्लॅस्टिकचे चौकोन लावून आले होते. एकीची भिंत कोरडी निघाली, ती या आठवड्यात प्रायमर देते आहे. दुसरीच्या चौकोनाला आतून थेंब जमले. खिडकीच्या वरच्या छज्ज्यात चीर सापडली आहे, ती आता बुजवली, पण भिंत अजून गार लागते. तिचे हिरवे पडद्याचे कापड मी धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवले आहे.

आपली,
एक वाचक