स्तन काढण्याआधीच पुनर्रचनेचं बोला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्तनाच्या कॅन्सरवर आपल्याकडे जे छापून येतं, त्यात भर तपासणीवर असतो. तो हवाच. पण ज्या बाईचा स्तन काढावाच लागणार आहे, तिला बहुतेकदा त्याच वेळी तो पुन्हा घडवून घेता येतो, हे तिच्या कानावर कोण घालतं? माझ्या थोरल्या बहिणीला कुणी विचारलंसुद्धा नाही. ‘आता या वयात कशाला?’ असं घरच्यांनीच परस्पर ठरवलं. तिला पन्नाशीही लागली नव्हती!

एकाच वेळी दोन्ही केलं तर मूळची त्वचा राखता येते आणि आकार चांगला येतो. त्यामुळे कॅन्सर उलटतो ही भीती रास्त नाही. मात्र पद्धत निवडणं सोपं नाही. सिलिकॉनच्या इम्प्लांटला, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम स्तनाला, वेळ कमी लागतो, घरी लवकर जाता येतं. ते छातीच्या स्नायूखाली बसवलं तर स्नायू आवळला की हलतं. स्नायूच्या वर बसवलं तर हा त्रास टळतो, दुखतंही कमी. पण वरच्या त्वचेचा रक्तपुरवठा उत्तम लागतो आणि पुष्कळदा इम्प्लांटला आधार देणारी महागडी जाळीही. पाठीचा स्नायू पुढे वळवायची पद्धत इटलीच्या तान्सिनी यांनी १९०६ मध्ये मांडली, ती आजही भरवशाची आहे. पोटाची त्वचा आणि चरबी घेणाऱ्या ‘डीप’ पद्धतीत पोटाचा स्नायू वाचतो, स्तन मऊ राहतो. पण सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडायला कित्येक तास आणि सरावलेले हात लागतात. ते प्रत्येक जिल्ह्यात कुठून येणार?

माझ्या मते पहिला प्रश्न रेडिएशनचा. ते घ्यावं लागलं तर इम्प्लांटभोवती शरीर जे आवरण तयार करतं, ते आकसून कडक होण्याचा धोका बराच वाढतो. स्वतःच्या शरीराचा भाग ते जास्त सोसतो. म्हणून कॅन्सर सर्जन, प्लास्टिक सर्जन आणि रेडिएशनचे डॉक्टर, तिघांचंही बोलणं शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याआधी व्हावं, रुग्ण बाईला समोर बसवून. सगळं ऐकून ती ‘मला नको’ म्हणाली, तर तेही तितकंच मान्य व्हावं.

खर्चाबद्दलही एक सांगते. विमा पॉलिसीत कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी वगळणारं जे प्रमाण कलम असतं, त्यात कॅन्सरनंतरच्या पुनर्रचनेला स्पष्ट अपवाद आहे. दावा नाकारला गेला, तर ते कलम पुढे ठेवून लेखी उत्तर मागावं.

– एक वाचक, सातारा