काका, फाइल बंद झाली!

काका, तुमचं नाव कुठे लिहायचं नाही ही तुमची अट, ती पाळतेय. आभार मानायचे नाहीत अशीही काहीतरी अट होती बहुतेक, ती मला नीट ऐकू आली नव्हती असं समजा.

परवा नवऱ्याचं भारतीय नागरिकत्वाचं नोंदणी प्रमाणपत्र हातात आलं. म्हणजे आता घरात दोघंही भारतीय. माझं २०१८ लाच झालं होतं, तेव्हाच मी पेढे घेऊन येणार होते तर तुम्ही म्हणालात, जोडीचं काम आहे, अर्ध्यावर कसले पेढे. म्हणून इतकी वर्षं थांबले.

वाचणाऱ्यांसाठी थोडं आधीचं सांगते. लग्नानंतर मी इंग्लंडला गेले, काही वर्षांनी तिथलं नागरिकत्व घेतलं आणि त्याच दिवशी माझं भारतीय नागरिकत्व गेलं. आपल्या १९५५ च्या कायद्यातलं कलम ९, दुसऱ्या देशाचं स्वतःहून घेतलंत की इथलं आपोआप संपलं, त्यासाठी कुणाची सही लागत नाही की कुणी विचारत नाही. मग मी ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड काढलं आणि खुशाल समजत होते की हे म्हणजे दुहेरी नागरिकत्वच, नावातच सिटिझन आहे ना! मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, हे परत आल्यावर एकेक करून कळत गेलं.

२०१३ ला आम्ही कायमचे परत आलो. एका एजंटने सांगितलं, मॅडम ओसीआयला ५ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय अर्जच करता येत नाही. मी गप्प घरी आले आणि दोन वर्षं वाट बघत बसले. मग ओळखीतून तुमच्याकडे आले, तर तुमचा पहिलाच प्रश्न, "अहो पण तुम्ही तर आधी इथल्याच होतात ना?" आणि तुम्ही कायद्याची ती पिवळी पडलेली छापील प्रत काढलीत आणि पेन्सिलने दोन ओळी दाखवल्यात. ५ वर्षं ओसीआयवाली अट कलम ५(१)(जी) मध्ये. तिच्या बरोब्बर वरची ओळ, (एफ), जी व्यक्ती स्वतः किंवा जिचे आई किंवा वडील पूर्वी स्वतंत्र भारताचे नागरिक होते आणि जी अर्जाआधी सलग १२ महिने इथे राहतेय. बास. एका ओळीचा फरक आणि माझी दोन वर्षं. त्या एजंटवर मी चिडले तर तुम्ही म्हणालात, चिडू नका, त्याने वाचलंच नसेल, वाचायचे पैसे कुठे घेतो तो.

माझा जुना भारतीय पासपोर्ट, कोपरा कापलेला, आत रद्दचा शिक्का, मी तो फक्त त्यातल्या फोटोपायी ठेवला होता (केस बघा त्यातले!) आणि तोच सगळ्यात मोठा पुरावा निघाला. त्यातलं माहेरचं नाव आणि ब्रिटिश पासपोर्टातलं सासरचं नाव जुळवायला किती कागद लागले ते आता आठवत पण नाही, आठवायचं पण नाही.

मला घाई फार होती. म्हटलं ब्रिटिश नागरिकत्व आधी सोडून टाकते म्हणजे इकडे बरं दिसेल. तुम्ही दोन्ही हात वर केलेत. ज्याचं भारतीय नागरिकत्व एकदा गेलंय त्याला ते परत फक्त केंद्र सरकारच्या आदेशाने मिळतं, कलम ५ चं तिसरं पोटकलम, म्हणजे कलेक्टर ऑफिसातून फाइल राज्याकडून दिल्लीला जाणार, किती दिवस लागतील कुणी सांगावं. आणि ब्रिटनचा कायदा असा की सोडल्यापासून ६ महिन्यांत दुसरं नागरिकत्व मिळालं नाही तर ते सोडणंच रद्द धरतात. म्हणून आधी इकडचं स्वीकृतीपत्र, म्हणजे अर्ज मान्य आहे, आता तिकडचं सोडा असं सांगणारं पत्र, आणि मग तिकडचा सोडण्याचा फॉर्म. तुम्ही हे इतक्या शांतपणे सांगितलंत की मला माझीच लाज वाटली.

नवऱ्याचं वेगळंच, तो मूळचा ब्रिटिश. लोकांना वाटतं भारतीय बायको आहे म्हणजे झालंच काम. नाही हो. कलम ५(१)(सी), लग्न पाहिजेच पण ७ वर्षांचा रहिवासही पाहिजे, त्यातले अर्जाआधीचे १२ महिने सलग आणि त्याच्या आधीच्या ८ वर्षांत मिळून निदान ६ वर्षं. आणि नेमक्या त्या सलग १२ महिन्यांत सासूबाई गेल्या, तो ११ दिवस तिकडे होता. मला वाटलं संपलं, आता पुन्हा पहिल्यापासून मोजा. तुम्ही त्याचा पासपोर्ट मागून घेतलात, पट्टी लावून एकेक शिक्का वाचलात, गेल्याची तारीख एका रकान्यात, आल्याची दुसऱ्यात, दोन शिक्के एकावर एक बसले होते ते भिंग लावून. मग म्हणालात, खास कारण असेल तर त्या १२ महिन्यांत एकूण ३० दिवसांपर्यंत सूट देता येते, तुकड्यातुकड्यात चालते, मृत्यूचा दाखला जोडा आणि लपवू नका. तो तक्ता जसाच्या तसा अर्जाला लागला.

पण काका, खरे आभार यातल्या कशाचेच नाहीत. नवऱ्याचं स्वीकृतीपत्र आलं त्या संध्याकाळी तुम्ही मला सांगितलंत, तुम्ही जरा बाहेर बसा, आणि त्याला एकट्याला विचारलंत की तुला ब्रिटिश नागरिकत्व खरंच सोडायचंय का. हे मला त्याने खूप नंतर सांगितलं. नऊ-दहा वर्षांत मी हा प्रश्न त्याला एकदाही विचारला नव्हता, मी धरूनच चालले होते. तो म्हणे बराच वेळ काही बोलला नाही, आई गेली होती, तिकडचं शेवटचं काहीतरी तेवढंच उरलं होतं. तुम्ही त्याला तुमच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलंत की ब्रिटनमध्ये दुसऱ्या नागरिकत्वासाठी सोडावं लागलं असेल तर एकदा हक्काने परत मागता येतं, एकदाच, आणि नाही सोडायचं म्हणालास तर बायकोला मी समजावतो. त्याने चार दिवस घेतले. त्या चार दिवसांत मी त्याच्यावर घोळ घालतोस म्हणून करवादत होते, मला काय माहीत!

शपथ त्याने संविधानाप्रति निष्ठेची, न अडखळता घेतली. आधी आठवडाभर आरशासमोर सराव चालला होता, मी हसले की दार लावून घ्यायचा.

प्रमाणपत्राची एक झेरॉक्स तुमच्यासाठी काढलीये. कशाला म्हणाल, पण तुमच्याकडच्या आमच्या फाइलला तेवढं एकच पान कमी आहे. रविवारी दोघंही येतोय, पेढे घेऊन.